महिनाअखेर आणि मागावरचा अर्धवट माल : सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखान्यांचे नेहमीचे प्रश्न

महिन्याची २८ तारीख उलटली की माझा फोन वाजायला लागतो. अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी, पूर्व भाग, कुठूनही फोन आला तरी प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ऑर्डर अर्धी झालीय, अर्धी मागावर आहे, मग खर्च कुठं टाकायचा? खालची उत्तरं टॉवेलचा कारखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. चादरवाल्यांना आणि गणवेश शिवणाऱ्यांनाही ती लागू पडतील, टप्प्यांची नावं तेवढी बदलून घ्यावी लागतील. उदाहरणांतले दर समजण्यापुरते गृहीत धरले आहेत. ते बाजारभाव समजू नका.

अर्धवट मालाचा हिशेब दर महिन्याला कशाला? ३१ मार्चला एकदाच केला तर?

छोट्या कारखान्याला त्यासाठी कुणी दंड करणार नाही. पण मग महिन्याच्या नफा-तोटा पत्रकाकडे बघूच नका, कारण त्याला अर्थ उरत नाही. सूत एप्रिलमध्ये घेतलं, रंगाई एप्रिलमध्ये झाली आणि टॉवेल मेमध्ये गेले, तर एप्रिलला तोटा आणि मेला घबाड दिसतं. दोन्ही खोटं. त्या खोट्या मेच्या जोरावर मालक पुढच्या ऑर्डरला दोन रुपये कमी दर देऊन मोकळा होतो. असं होताना मी पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा.

अर्धवट माल म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

गोदामातल्या बंद पोत्यातलं सूत हा कच्चा माल. ऑर्डरच्या नावाने इश्यू होऊन ते रंगाईला, वारपिंगला (ताण्याचे म्हणजे उभे धागे बीमवर गुंडाळायला) किंवा सायझिंगला (ताण्याला खळ लावायला) गेलं की तिथून पॅक होऊन तयार मालाच्या रजिस्टरला चढेपर्यंत जे जे मध्ये आहे ते सगळं अर्धवट. त्यात रंगाईवाल्याकडे पडलेलं सूत आलं, सुताचे कोन आले, मागावरचं बीम (ताणा गुंडाळलेला लोखंडी रूळ) आलं, विणलेल्या कापडाचे रोल आले, कापलेले पण कोर (कड) न शिवलेले नगही आले. शिवून झालेले, पण लेबल लावायचे राहिलेले टॉवेलसुद्धा अर्धवटच.

एक जागा सगळे विसरतात. मागाच्या शेजारी ठेवलेलं जादा सूत. इश्यू झालं म्हणून ते ऑर्डरच्या खात्यात गेलेलं असतं, पण वापरलेलं नसतं. ऑर्डरला ते लागणार नसेल तर महिनाअखेरीला कागदोपत्री तरी गोदामात परत घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा इश्यू करता येतं.

आमचे मॅनेजर सांगतात, 'ऑर्डर चाळीस टक्के झाली.' तेवढ्यावर खर्च वाटला तर चालेल ना?

नाही चालणार. चाळीस टक्के कशाचे? सूत शंभर टक्के लागून गेलेलं असतं, विणाई साठ टक्के झालेली असते आणि शिलाई जेमतेम निम्मी. एका आकड्यात हे तिन्ही बसत नाही. उदाहरणच घेऊ.

१०,००० टॉवेलची ऑर्डर. ३० बाय ६० इंची, नगाला साधारण अर्धा किलो. घट धरून ५,५०० किलो सूत इश्यू केलं, किलोला २४० रुपये, म्हणजे १३,२०,००० रुपये. रंगाई आणि वारपिंग मिळून किलोला ६०, म्हणजे ३,३०,०००. हे सगळ्या सुताचं झालं. या महिन्यात ६,००० टॉवेल विणून झाले, विणाईचा खर्च (मजुरी, वीज, मागाचा ओव्हरहेड म्हणजे वरखर्च) १,८०,०००. त्यांतले ४,००० पॅक होऊन गोदामात गेले. उरलेल्या २,००० पैकी १,००० नगांची कोर शिवून झालीय पण तपासणी-पॅकिंग नाही, ते शिलाई-पॅकिंगच्या कामात अर्धे धरू. शिलाई-पॅकिंगचा खर्च ३६,०००. बाकी ४,००० टॉवेलचं सूत बीमवर आणि कोनवर. एकूण खर्च १८,६६,०००.

आता प्रत्येक टप्प्याचे वेगळे नग धरायचे. सूत-रंगाई १०,००० नगांची झालीय, १६,५०,००० भागिले १०,००० म्हणजे नगाला १६५ रुपये. विणाई ६,००० नगांची, नगाला ३० रुपये. शिलाई-पॅकिंग ४,००० पूर्ण आणि १,००० अर्धे, म्हणजे ४,५०० समतुल्य नग, नगाला ८ रुपये. तयार टॉवेल २०३ रुपयांना पडला. ४,००० तयार नगांचे ८,१२,०००. बीम-कोनवरच्या ४,००० नगांचे १६५ प्रमाणे ६,६०,०००. विणलेल्या २,००० नगांचे १९५ प्रमाणे ३,९०,०००, वर कोरेच्या शिलाईचे ४,०००. अर्धवट माल १०,५४,०००. बेरीज करून बघा, १८,६६,००० येतात.

मॅनेजरच्या चाळीस टक्क्यांनी तयार मालावर ७,४६,४०० रुपये चढले असते, म्हणजे टॉवेल १८६ रुपये ६० पैशांना. नगाला १६ रुपये ४० पैसे स्वस्त. तो माल त्याच महिन्यात विकला गेला तर ६५,६०० रुपयांचा नफा हवेतून येतो आणि पुढच्या महिन्यात हवेतच जातो.

उलटी चूकही होते. काहीजण अर्धवट मालात नुसतं सूत धरतात, ६,००० नगांचं ७,९२,०००. मग रंगाई, विणाई, सगळं ओझं ४,००० तयार टॉवेलच्या डोक्यावर जातं आणि एक टॉवेल २६८ रुपये ५० पैशांना पडतो. असा आकडा बघून मालक चांगली ऑर्डर नाकारतो.

बीमवर किती सूत उरलंय ते कसं काढायचं? वजन करून?

वजन तीन ठिकाणी फसवतं. पहिलं, बीमचं स्वतःचं लोखंडी वजन. ते बीमवर रंगाने लिहून ठेवा, कायमचं. दुसरं, सायझिंग झालेल्या ताण्यावर खळ असते. ते वजन सुताचं नाही आणि धुलाईत निघून जातं. सायझिंगवाल्याकडून खळीची टक्केवारी लेखी घ्या आणि तेवढं वजा करा. तिसरी गोष्ट फक्त टेरीवाल्यांची. टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, एक ग्राउंडचं (मूळ कापडाच्या ताण्याचं) आणि एक पाइलचं (वरच्या लूपच्या ताण्याचं). पाइलचा ताणा लूप उचलतो म्हणून तो ग्राउंडच्या कितीतरी पट वेगाने संपतो. पाइलचं बीम निम्मं झालं म्हणून ग्राउंडचंही निम्मं झालं असं धरलं की हिशेब गेला. दोन्ही वेगळे मोजा.

मला विचाराल तर वजनापेक्षा लांबी बरी. बीम चढवताना कार्डावर मीटर लिहिलेले असतात, मागाच्या काउंटरवरून विणलेलं कापड कळतं. विणलेल्या कापडाला ताणा किती लागला त्याचं प्रमाण त्या क्वालिटीचं ठरलेलं असतं. ग्राउंडचं वेगळं, पाइलचं वेगळं. कार्डावरच्या मीटरमधून ते वजा केलं की उरलेला ताणा मिळतो. बाण्याचे (आडव्या धाग्याचे) कोन मात्र वजनानेच.

मोजणी कोणी करायची आणि केव्हा?

शेवटच्या दिवशी पाळी बदलताना. माग दहा मिनिटं थांबतात, तेवढ्यात काउंटर वाचून होतात. वाचणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि लिहिणारा अकाउंट्सचा असावा. जॉबरला (मागांवर देखरेख करणाऱ्याला) 'आकडे पाठव' म्हणून व्हॉट्सअ‍ॅप केला तर तो मागच्या महिन्याच्या आसपासचेच आकडे पाठवतो. त्याचा दोष नाही, त्याला कापडाचे मीटर काढायचे असतात.

उमेदवारीच्या दिवसांतली माझी एक चूक सांगतो. एका शेडमध्ये मी वही घेऊन उभा, जॉबर पलीकडून रोल मोजून ओरडत होता. आपल्या पूर्व भागात मोजणी बऱ्याचदा तेलुगूत चालते हे तुम्हाला सांगायला नको. तो म्हणाला 'इरवै', म्हणजे २०. मागांच्या खडखडाटात मला 'अरवै' ऐकू आलं, म्हणजे ६०. मी बिनधास्त ६० लिहिले. रोलमागे ८० टॉवेल, म्हणजे ३,२०० टॉवेल मी एका शब्दात विणून टाकले. तो महिना फार छान दिसला. पुढच्या महिन्यात कटिंगवाल्याने रोल मागितले आणि ते कुठेच नव्हते. तेव्हापासून माझ्या मोजणीच्या कागदावर जॉबर स्वतः आकडा लिहितो, अक्षरी नको, अंकात, आणि सही करतो. माग बंद असताना.

सूत रंगाईला बाहेर गेलंय. ते आमचा साठा की त्यांचा?

मालकी तुमची, साठाही तुमचाच. १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूरच्या जुन्या गिरणीत कताई-विणाई एकाच आवारात होती, तिथे हा प्रश्न बहुतेक गेटच्या आतच सुटत असेल. आज एकाच ऑर्डरचं सूत तीन पत्त्यांवर असतं. म्हणून महिनाअखेरीला प्रत्येक रंगाईवाल्याकडून आणि सायझिंगवाल्याकडून 'आमच्याकडे तुमचं इतकं' असा लेखी आकडा घ्या आणि चलनांशी ताडून बघा.

किंमत लावताना, सूत रंगून तयार असेल पण बिल आलं नसेल तर रंगाईची तरतूद करायची. रंगायला घेतलंच नसेल तर फक्त सुताची किंमत. 'रंगलंय की नाही' हे फोनवर विचारून चालत नाही, शेड कार्डचा (रंगछटेच्या नमुन्याच्या कार्डाचा) नंबर मागा.

जीएसटीच्या बाजूने एक आठवण. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर आयटीसी-०४ (जॉबवर्कला गेलेल्या मालाचा फॉर्म) सहामाही, त्याखाली वार्षिक. महिनाअखेरीची यादी नीट ठेवली तर या फॉर्मला वेगळी मेहनत पडत नाही.

आम्हीच दुसऱ्याचं सूत विणून देतो. मग?

सूत तुमच्या साठ्यात येत नाही. ते वेगळ्या रजिस्टरला, नगाने आणि किलोने. अर्धवट मालात फक्त तुमचा त्यावर झालेला विणाईचा खर्च.

मजुरी आठवड्याला वाटतो. महिना मधेच संपला तर?

समजा हप्ता शनिवारी आणि महिना बुधवारी संपला. गुरुवार ते शनिवारचं काम पुढच्या महिन्याचं, पण रविवार ते बुधवारचं या महिन्याचं आणि ते अजून दिलेलं नाही. पिकाच्या, म्हणजे मागाने टाकलेल्या बाण्याच्या धाग्यांच्या, दराने मजुरी असेल तर काम सोपं आहे. बुधवारी रात्रीचे काउंटर वाचलेलेच आहेत, त्यांतून रक्कम काढा आणि तरतूद करा. दिवसावर असेल तर हजेरीपटावरून.

दिवाळीचा बोनसही महिन्या-महिन्याला धरा. किमान ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा भाग. जो ऑक्टोबरमध्ये एकदम बोनस टाकतो त्याचे ऑक्टोबरचे टॉवेल सोन्याचे होतात.

वीजबिल पुढच्या महिन्यात येतं. थांबायचं का?

थांबू नका. शेवटच्या दिवशी मीटर वाचा, मागच्या रीडिंगमधून वजा करा, मागच्या बिलाचा युनिटचा दर लावा, डिमांड चार्ज (विजेच्या कमाल मागणीवरचा आकार) वेगळा धरा. बिल आल्यावर फरक निघतो तो त्या महिन्यात जाऊ द्या. पाच तारखेला ९८ टक्के बरोबर आकडा हातात असलेला बरा, वीस तारखेचा शंभर टक्के बरोबर आकडा वाचायला कुणी थांबत नाही.

कुठले खर्च अर्धवट मालात टाकायचे नाहीत?

दलाली, बाहेर पाठवण्याचं भाडं, प्रदर्शनाचा स्टॉल, ऑफिसचे पगार, सीएची फी. कॅश क्रेडिटचं व्याजसुद्धा आपल्यासारख्या मालात धरत नाहीत. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं तो जीएसटीही नाही. तयार मालाच्या गोदामाचं भाडंही बाहेर. शेडचं भाडं, मागांचा घसारा, मेंटेनन्स, जॉबर-मुकादमाचा पगार हे मात्र आत.

या महिन्यात काम कमी झालं. ठरलेला खर्च तेवढाच, म्हणजे प्रत्येक टॉवेलवर जास्त पडणार ना?

इथे लेखा मानक २ (साठ्याची किंमत लावण्याचा नियम) स्पष्ट आहे आणि माझंही मत तेच. ठरलेला कारखानी खर्च नेहमीच्या उत्पादनक्षमतेवर वाटायचा, त्या महिन्यात झालेल्या उत्पादनावर नाही. समजा ठरलेला खर्च ४,००,००० आणि नेहमीचं उत्पादन २०,००० किलो, किलोला २० रुपये. या महिन्यात मोठा बिघाड होऊन १२,००० किलोच निघालं. मालावर २,४०,०००च चढतील. उरलेले १,६०,००० थेट नफा-तोट्यात जातील. ते अर्धवट मालात कोंबले तर नुकसान साठ्यात लपतं आणि मार्चला बाहेर येतं. उलट एखाद्या महिन्यात २५,००० किलो निघालं तर दर १६ रुपयांवर आणायचा, नाहीतर झालेल्या खर्चापेक्षा जास्त साठ्यावर चढेल.

आता 'नेहमीचं' म्हणजे काय? जानेवारीत संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा असते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. त्या दिवसांत माग बंद राहणार हे सगळ्या सोलापूरला वर्षभर आधी ठाऊक असतं. ती सुट्टी नेहमीच्या क्षमतेतच धरलेली हवी, म्हणजे वर्षाची सरासरी काढताना ते दिवस वजा करूनच आकडा ठरवायचा. एका कारखान्यात मुनीमजींनी जानेवारीची घट 'असामान्य तोटा' म्हणून दाखवली होती. गड्डा असामान्य कसा होईल?

सुताची घट किती धरायची? दर महिन्याला वेगळी येते.

येणारच. नेहमीची घट मालाच्या खर्चातच मुरते, त्यातून चिंध्या-वेस्ट विकून आलेले पैसे वजा करून. ठरलेल्या प्रमाणाच्या वरची घट नफा-तोट्यात.

पण वरची घट दिसली की लगेच मागवाल्यावर ओरडू नका. कापसाच्या सुतात हवेतला ओलावा असतो, व्यापारात तो ८.५ टक्के धरतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना शेडमधली हवा इतकी कोरडी होते की सूत ओलावा सोडतं. तोच ओलावा ६ टक्क्यांवर आला तर ५,५०० किलोला सव्वाशे किलोच्या पुढे वजन नुसतं हवेत जातं. कुणी चोरलेलं नसतं. पावसाळ्यात त्यातलं बरंच परत येतं आणि तेव्हा मागवाल्याला कुणी शाबासकी देत नाही, हा भाग वेगळा. उन्हाळ्यात घटीचं प्रमाण वेगळं ठेवा किंवा ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या.

ऑर्डर रद्द झाली. टॉवेलवर हॉटेलचं नाव विणलंय. आता किंमत काय?

खर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांत जे कमी ते. वरच्याच उदाहरणातले विणलेले, कोर न शिवलेले १,००० टॉवेल घ्या, नगाला १९५ खर्च झालाय. नावासकट सेकंड (दुय्यम माल) म्हणून ते १५० ला जातील असं व्यापारी सांगतो. शिलाई-पॅकिंगला अजून ८ आणि विक्रीला ५ रुपये लागतील. हाती येणार १३७. म्हणजे ५८ रुपये नगामागे आत्ताच कमी करा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. बीमवर असलेलं सूत मात्र साधं रंगीत असेल आणि दुसऱ्या ऑर्डरला चालणार असेल तर त्याची किंमत कमी करायची गरज नाही. जॅकार्डने, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रणेने, घातलेलं नाव विणताना येतं, सुतावर ते नसतं.

टॅलीत हे कसं टाकायचं?

मॅन्युफॅक्चरिंग जर्नलमध्ये एका हाताने सूत वजा होतं आणि दुसऱ्या हाताने तयार टॉवेल जमा. मधली अवस्था त्याला आपोआप कळत नाही. दोन वाटा आहेत. एक, 'रंगीत सूत', 'बीम', 'रोल', 'कट पीस' असे वेगळे स्टॉक आयटम करून प्रत्येक टप्प्याला जर्नल टाकणं. दुसरी, महिनाअखेरीला एक्सेलमध्ये वरचा हिशेब करून एकच नोंद : अर्धवट माल नावे, साठ्यातील बदल जमा, आणि एक तारखेला उलटी नोंद. तीस-चाळीस मागांच्या कारखान्याला मी दुसरी सुचवतो. पहिल्या वाटेने गेलेल्यांपैकी बरेचजण तिसऱ्या महिन्यात जर्नल टाकायचं सोडतात आणि मग दोन्हीकडून जातात.

आमच्याकडे मोठं ईआरपी (सगळा कारभार एकत्र नोंदणारं सॉफ्टवेअर) आहे. त्यात अर्धवट माल उणे दाखवतोय. असं कसं?

मागावर उणे टॉवेल असू शकत नाहीत, म्हणजे नोंद राहिलीय. ऑर्डर चालू असेपर्यंत सिस्टिम साधं गणित करते : झालेला खर्च वजा तयार मालाची प्रमाण (आधी ठरवलेली) किंमत. ४,००० टॉवेल २०३ प्रमाणे आत गेले, ८,१२,०००. खर्चाच्या बाजूला मात्र ६,९०,०००च दिसतात, म्हणून उणे १,२२,०००. नव्वद वेळा कारण हेच असतं की सुताची दुसरी इश्यू स्लिप कुणाच्या तरी खिशात आहे किंवा ती शेजारच्या ऑर्डरवर पडलीय. त्या शेजारच्या ऑर्डरचा अर्धवट माल फुगलेला दिसेल, आधी तोच बघा. मग विणाईची कन्फर्मेशन (काम झाल्याची नोंद), मग बाहेरच्या रंगाईचं बिल.

जुन्या ऑर्डरी वर्षानुवर्षं उघड्या दिसतात. त्रास होतो का?

फार. १०,००० ची ऑर्डर ९,९६० वर संपली, गिऱ्हाईकाने माल घेतला, पैसे दिले, पण ४० नग बाकी म्हणून सिस्टिममध्ये ऑर्डर उघडी. तिच्यावरचा शिल्लक खर्च अर्धवट माल म्हणून ताळेबंदात बसून राहतो. असा भुताचा माल मी लाखांनी पाहिलाय. सॅपसारख्या सिस्टिममध्ये ऑर्डर पूर्ण डिलिव्हर झाली किंवा तांत्रिकदृष्ट्या बंद केली तरच अर्धवट माल शून्य होऊन फरक तफावत म्हणून निघतो. दर महिन्याला तीस दिवसांत हालचाल नसलेल्या ऑर्डरींची यादी काढा, ती घेऊन शेडमध्ये जा, माल दिसला तर ठेवा, नाही दिसला तर बंद करा.

पुढच्या महिन्यात विणाई महाग पडली. जुना आणि नवा खर्च मिसळायचा का?

वरचीच ऑर्डर. सुरुवातीला विणलेले २,००० नग ३० रुपयांचे. या महिन्यात उरलेले ४,००० विणले, १,४०,००० लागले, नगाला ३५. भारित सरासरीने सहा हजारांवर २,००,०००, म्हणजे ३३ रुपये ३३ पैसे. पहिले-आत-पहिले-बाहेर धरलं तर २,००० नग ३० चे आणि ४,००० नग ३५ चे. ऑर्डर संपली की एकूण एकच. मला सरासरी पटते, पण मागावर काय बिघडलं ते शोधायचं असेल तर ३५ चा आकडा वेगळा दिसला पाहिजे, सरासरीत तो बुडतो. एक पद्धत धरा आणि वर्षभर तीच ठेवा.

बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटला वेगळा आकडा दिला तर?

देऊ नका. 'ड्रॉइंग पॉवर (साठ्यावर बँकेतून उचलता येणारी रक्कम) बसत नाही, जरा वाढवा' हे मी ऐकलेलं आहे. कंपनीची खेळत्या भांडवलाची मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, हे ऑडिटरला सीएआरओ २०२० (कंपन्यांच्या ऑडिट अहवालाचा आदेश) खाली लिहावं लागतं. मर्यादा कमी असली तरी एकाच तारखेचे दोन आकडे कधीतरी एकाच टेबलावर येतात. अर्धवट माल किती मार्जिनने (किती टक्के कापून) धरायचा, धरायचा की नाही, ते तुमच्या मंजुरीपत्रात वाचा.

३१ ला मोजणी राहून गेली. एक तारखेला दुपारी केली तर चालेल?

चालेल, पण मागे जावं लागेल. एक तारखेला सकाळपासून दुपारपर्यंत विणलेलं काउंटरवरून काढा, ते रोलमधून वजा करा आणि तेवढंच सूत बीम-कोनला परत द्या. त्या काळात पॅक झालेले नग तयार मालातून काढून पुन्हा अर्धवटमध्ये घाला. रंगाईहून त्या दिवशी आलेली गाडी असेल तर ती अजून रंगाईवाल्याकडेच आहे असं धरा, चलनावरची तारीख बघून. हे सगळं कागदावर लिहा आणि जॉबरची सही घ्या. अंकात.